हवेचा ताळा

ज्या गाडीचं इंजिन सीटच्या मागे असतं, तिच्यात जागा अशी नसतेच. पुढचं झाकण उचललं तर सामानाची एक उथळ पेटी दिसते. मागे, चालवणाऱ्याच्या पाठीला जवळजवळ टेकून, पत्र्याच्या एका पडद्याआड इंजिन, गिअरबॉक्स, नळ्या, तारा असा सगळा संसार असतो. मामा म्हणायचा, भाड्याच्या एका खोलीत अख्खं कुटुंब राहतंय असं समज. आता त्याच खोलीत त्याच्या भाचीला, धाकटीला, आणखी एक पाहुणा बसवायचा होता, टर्बो.

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावरचे दोन छोटे पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका पंख्याला फिरवतो. त्याच्याबरोबर फिरणारा दुसरा पंखा बाहेरची हवा ओढतो आणि दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा मिळाली की जास्त पेट्रोल जाळता येतं, आणि जोर वाढतो. धाकटीला यातली एकच गोष्ट मनापासून आवडायची. सगळा व्यवहार रोखठोक होता. जेवढी हवा आत गेली तेवढी बाहेर आली पाहिजे, पेट्रोल धरून. शाळेत गणित सोडवून झाल्यावर ताळा करून बघायचा, तसा इथेही ताळा करता यायचा, आणि तो जमायचाच.

भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर, पुढचं काही ठरेपर्यंत म्हणून ती मामाच्या गॅरेजमध्ये यायला लागली, आणि पुढचं काही ठरलंच नाही. गॅरेज मुख्य रस्त्यापासून आत होतं. वर पत्रे, समोर लोखंडी शटर आणि मध्ये काँक्रीटचा खड्डा, त्यात उतरून गाडीचं पोट बघायचं. शेजारी काच कापणाऱ्याचं दुकान होतं. दिवसभर तिथून काचेवर हिरा ओढल्याचा बारीक आवाज यायचा आणि मग टक् करून तुकडा सुटायचा. मामा तिला प्राध्यापक म्हणायचा. "प्राध्यापक, जरा तेरा नंबरचा पाना द्या. न्यूटनला विचारून द्या, पण द्या."

धुराच्या नळ्यांनी दोघांच्या नाकी नऊ आणले. सरळ नळी कुठेच मावेना. मग नळ्यांच्या तिरप्या चकत्या कापायच्या, संत्र्याच्या फोडींसारख्या एकापुढे एक लावून वळण जुळवायचं, वेल्डिंगचे टाके मारायचे, सगळं बाहेर काढून पूर्ण जोडायचं, परत आत घालून बघायचं. दर वेळी कुठेतरी बोटभर अडायचं. शेवटी बसलं तेव्हा मामाने कमरेवर हात ठेवून त्या गुंतवळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, हे जर चाललं तर मी तुला सर म्हणेन. दाबलेली हवा गरम होते, म्हणून ती गार करायला मध्ये एक जाळी हवी होती. तिला वारा मिळावा म्हणून त्यांनी दाराच्या मागे, बाजूच्या पत्र्यात, एक तोंड कापलं.

गाडी ताईची होती.

धाकटीची ही मोठी बहीण डोंगररस्त्यावरच्या शर्यतींत भाग घ्यायची. एका वेळी एकच गाडी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, घड्याळाशी स्पर्धा. गेल्या हंगामात तिची जुनी गाडी एका वळणावर घसरली आणि कठड्यावर आदळली. पट्ट्याने तिला वाचवलं आणि त्याच पट्ट्याने तिच्या बरगड्या मोडल्या. हाडं जुळली. श्वास मात्र पुरता परत आला नाही. अर्ध्यावर येऊन अडायचा. तिचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी व्हायचं, जिन्यात मध्येच थांबायला लागायचं. डॉक्टर म्हणाले, कदाचित हे असंच राहील. भाऊजींनी शर्यत कायमची बंद म्हणून सांगितलं, तेव्हा ताई वाद घालत बसली नाही. "भांडायला... श्वास लागतो," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

पण ही गाडी तिने आधीच घेऊन ठेवली होती, आणि गॅरेजमधल्या स्टुलावर बसून त्या सांगाड्याकडे ती ज्या नजरेने बघायची, ती नजर भाऊजींनाही बघवेना. अखेर त्यांनी एक अट घातली. एकदाच जायचं. शर्यतीच्या जागी, निघायच्या आधी, धाकटीने सगळ्यांसमोर सांगायचं की गाडी ठीक आहे आणि ताई ठीक आहे. यातलं एक जरी नसलं तरी परत फिरायचं.

"तुझ्या शब्दावर सोडतो," ते धाकटीला म्हणाले होते. "हिचा आणि तुझ्या मामाचा काही भरवसा नाही."

तेव्हा तिला ते सोपं वाटलं होतं.

इंजिन चालू करण्यापूर्वी दाबाच्या नळ्यांत गळती आहे का ते बघायचं असतं. दोन्ही टोकांना बुचं बसवायची, एका बुचाला सायकलचा व्हॉल्व्ह, शेजारी दाबाचा काटा. पंपाने हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. काटा पडला की गळती. मग सांध्यासांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. पहिल्यांदा काटा लगेच पडला. एका रबरी सांध्यापाशी बुडबुड्यांची माळच निघाली, मामाने पट्टी आवळली. दुसऱ्यांदा काटा जागचा हलला नाही. ताईने स्टुलावरून टाळ्या वाजवल्या. तिघंही हात धुवून जेवायला घरी गेली.

परत आली तेव्हा काटा वर चढला होता.

"पत्रे तापलेत," धाकटी म्हणाली. बंद नळीतली हवा तापली की दाब वाढणारच, हे शाळेतलं पोरही सांगेल. तिने नळीला तापमापी लावली, कागदावर आकडेमोड केली. उन्हाने दाब थोडा वाढला असता. काटा त्याच्या बराच वर होता, आणि ती बघत असताना आणखी केसभर सरकला.

मामाने काट्याचं गेज बदललं. नवं गेजही तेच म्हणालं. मामा म्हणाला, दोन्ही एकाच आईची लेकरं दिसतात, आणि तिसरं कुठूनतरी उसनं आणलं. तेही तेच म्हणालं.

आतली हवा सोडून बघण्याशिवाय काही सुचेना. मामाची एक जुनी सवय होती, कुठलीही हवा सोडताना नाक जवळ नेऊन वास घ्यायचा. जळक्या तेलाचा आला तर एक दुखणं, गोडसर आला तर दुसरं. ती सवय दोघी भाच्यांना लहानपणीच लागली होती. व्हॉल्व्ह दाबल्याबरोबर धाकटीने नाक पुढे नेलं. तेलाचा वास नव्हता, रबराचाही नव्हता. हवा कोमट होती. एखाद्या खोलीतून झोपलेलं माणूस नुकतंच उठून गेलं असावं, तसा वास होता.

"बघू," म्हणत ताई खाली वाकली.

हवा येतच राहिली. एवढ्याशा नळ्यांत मावेल त्याहून कितीतरी जास्त वेळ येत राहिली. सू-सू असा आवाजही नव्हता. पंप मारताना तर मोजून थोडीच हवा आत घातली होती. धाकटीचं लक्ष काट्याकडे होतं, म्हणून ताईकडे तिने उशिरा पाहिलं. ताईने डोळे मिटले होते. ती त्या व्हॉल्व्हपाशी तोंड नेऊन श्वास घेत होती, आणि तो श्वास अर्ध्यावर अडत नव्हता.

ती सरळ झाली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अगं, छाती भरली माझी," ती म्हणाली. "किती दिवसांनी पूर्ण भरली, तुला कल्पना नाही, मला तर वाटलं होतं आता हे कधी होणारच नाही."

सगळं वाक्य एका दमात. मामा तोंड फिरवून उगाच पाने आवरायला लागला. धाकटीने ताईला मिठी मारली. तिला आनंद झाला होता, खरोखर झाला होता. छातीला बरं व्हायला वेळ लागतो, ती वेळ आज आली, असं तिने स्वतःला सांगितलं. पण काटा कुठून चढला हे काही तिला सांगता आलं नाही.

इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं. खडखड नाही, धूर नाही. मामाने तिला दोनदा सर म्हटलं. मग त्यांनी गाडी रोलरवर नेली. तिथे चाकं जमिनीवर फिरतात तशी रोलरवर फिरवून, गाडी जागच्या जागी पूर्ण जोरात चालवता येते. धाकटी लॅपटॉप घेऊन शेजारी बसली.

जोर अपेक्षेपेक्षा बराच जास्त आला. रोलरवाला खूश झाला. धाकटी मात्र दोन आकड्यांकडे बघत राहिली. हवा ओढायच्या तोंडाशी बसवलेला सेन्सर आत जाणारी हवा मोजत होता. धुराच्या नळीतला सेन्सर सांगत होता की इंजिनात हवा आणि पेट्रोल अगदी योग्य प्रमाणात जळतंय. पण जेवढं पेट्रोल जळत होतं, त्याला पुरेल एवढी हवा आत जातच नव्हती.

ताळा जमत नव्हता.

सेन्सर बदलला. तारा तपासल्या. सगळे सांधे पुन्हा आवळले, खरं तर गळती असती तर दाबाची हवा बाहेर गेली असती, जास्तीची आत आली नसती. तिने आकडेमोड पहिल्यापासून केली, दुसऱ्या पद्धतीने केली. डोकं चालेना. रोज सकाळी तिला वाटायचं की आपली चूक अगदी साधी, हसण्यासारखी असणार, आणि दुपारपर्यंत ती सापडायची नाही.

दरम्यान भाऊजी येऊन बसले. त्यांचा चेहरा उजळला होता. ताई आता जिने चढताना गाणं म्हणते. रात्री तिला धाप लागायची, घरघर व्हायची, ती पार गेली. इतकी शांत झोपते की मीच मध्ये उठून बघतो, ते म्हणाले. डॉक्टरांकडेही जाऊन आलो. डॉक्टरांची नळी बिघडली होती म्हणे, बराच वेळ पाठीला लावून बसले, मग शेजारच्या खोलीतून दुसरी मागवली. पण तब्येत उत्तम म्हणाले.

"दुसऱ्या नळीने ऐकू आलं का?" धाकटीने विचारलं.

"आलंच असेल," भाऊजी म्हणाले. "नाहीतर उत्तम कसं म्हणतील?"

त्यानंतरच्या फेरीला तिने इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडाला एक बारीक दोरा बांधला. इंजिन धिमं चालू असताना दोरा आत ओढला जाऊन ताठ झाला, जसा व्हायला हवा. मामाने गाडीत बसून पाय दाबला. आवाज वाढत गेला, रोलर घुमायला लागले, जमीन थरथरली.

दोरा सैल पडला.

तो तोंडापाशी नुसता लोंबत होता. इंजिन गर्जत होतं आणि दोरा हलत नव्हता.

धाकटीने एक लाकडी फळी उचलली आणि त्या तोंडावर ठेवली. हवा बंद झाली की इंजिन गुदमरून बंद पडतं, पडायलाच हवं. फळी घट्ट ओढली जायला हवी, इतकी की ती सोडवायला दोन हात लागावेत.

इंजिनाचा सूर बदलला नाही.

तिने फळीला एक बोट लावलं. ती अलगद बाजूला सरकली.

मामाने आरशातून हे सगळं पाहिलं होतं. त्याने किल्ली फिरवली, खाली उतरला, फळी हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग कसलीही थट्टा न करता त्याने पाना उचलला.

"काढून टाकू हे," अखेर तो म्हणाला. "टर्बो, नळ्या, सगळं. साधं इंजिन ठेवू."

"ताईला काय सांगायचं?"

"बसत नव्हतं म्हणून सांग. खोटं नाही ते."

ताई रडेल, भांडेल, निदान रुसेल तरी, असं धाकटीला वाटलं होतं. एवढी मेहनत, आणि निम्मा जोर जाणार. ताई दारात उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"काढ की," ती म्हणाली. "आता त्याची गरज नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. धाकटीला ते वाक्य समजलं असं वाटलं आणि मग वाटलं की नाही समजलं.

सुटा केलेला टर्बो तिने टेबलावर ठेवून तपासला. तापलेल्या धुराने फिरणाऱ्या पंख्यावर काजळी धरते, एका दिवसातही धरते. या पंख्यावर काजळी नव्हती. बसवताना मामाने त्याच्या पात्यावर खडूने एक रेघ ओढली होती, ती तशीच होती. मामाने टर्बो फडक्यात गुंडाळला आणि कपाटाच्या तळाशी ठेवून दिला.

टर्बोशिवाय गाडी पुन्हा रोलरवर चढली. आकडे आले. जेवढी हवा आत, तेवढीच हिशोबात. तिने तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा केली आणि दर वेळी ताळा जमला. तिचा जीव भांड्यात पडला. घरी जाताना काच कापणाऱ्यालासुद्धा तिने हात केला.

शर्यतीच्या दिवशी पायथ्याला कडाक्याची थंडी होती. सूर्य डोंगरामागेच होता. गाड्या ओळीने उभ्या होत्या, माणसं हात चोळत फिरत होती आणि ज्याच्या त्याच्या तोंडापुढे वाफ होती. मामा एका अनोळखी मेकॅनिकला कसलीतरी थाप मारत होता, त्याची वाफ झटक्या झटक्याने उडत होती. धाकटीने हातमोज्यांवर फुंकर मारली, तिचीही वाफ पांढरी दाट निघाली.

तिने तेल बघितलं, चाकांचे नट बघितले, इंजिन ऐकलं. गाडी ठीक होती. हे ती शपथेवर सांगू शकली असती.

मग ती ताईचा पट्टा बांधायला वाकली. माणसाला श्वास सोडायला सांगायचं, तेवढ्यात पट्टा ओढायचा. मग श्वास घेतला की छाती पट्ट्यावर दाबते, तेव्हा आत दोन बोटं घालून बघायचं, फार आवळला तर नाही ना.

"सोड श्वास."

ताईने सोडला. धाकटीने पट्टा ओढला आणि बोटं आत सरकवली.

"आता घे."

ताई हसली. हेल्मेटमधून फक्त डोळे आणि ओठ दिसत होते. "अजून ओढ," ती म्हणाली. "मला काही होत नाही."

बोटांना काहीच जाणवलं नाही. धाकटी थांबली. मनातल्या मनात स्वतःचे श्वास मोजू लागली, आणि मग मोजणं सोडून दिलं. पट्टा बोटांवर जसा होता तसाच राहिला.

तिने बोटं काढून घेतली.

ताईच्या ओठांतून वाफ येत होती. बारीक, पांढरी, सरळ धार. ती बोलत नव्हती तरी येत होती. मामाची वाफ यायची, विरायची, पुन्हा यायची. हिची विरतच नव्हती. धाकटी ती तुटण्याची वाट बघत राहिली.

"किती शांत आहे बघ," भाऊजी म्हणाले. ते गाडीला खेटून, धाकटीच्या शेजारीच उभे होते.

झेंडेवाल्याने पुढून हात करून विचारलं. भाऊजींनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला.

"सांग आता. ठीक आहे ना?"

ती त्यांच्याकडे वळली. त्यांचा चेहरा अगदी जवळ होता. नाक थंडीने लाल झालं होतं, ओठ थरथरत होते. ते नुकतेच बोलले होते, आणि त्यांच्या तोंडापुढे वाफ नव्हती.

पलीकडे, रस्त्याच्या कडेला, मामा हसत होता. त्याची वाफ दिसत होती.

थांबा म्हणायला धाकटीने तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली, पण शब्द बाहेर आला नाही. डोळ्यांच्या खाली, जिथे तिची वाफ दिसायला हवी होती, तिथली हवा थंड आणि स्वच्छ राहिली.